पुरावा आधी पडद्यावर, मग न्यायालयात?

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झाले आणि त्यांचा निर्घृण खून करण्यात आला. केजची शीव धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्याला लागून आहे. खुनानंतर संशयितांनी टाकून दिलेली मोटार धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशी येथे सापडली, आणि वाशीच्या कॅमेऱ्यांतील चित्रण पुढे वाहिन्यांवरून साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी बीडच्या विशेष न्यायालयात दोषारोपपत्र दाखल केले. ३ मार्चला, त्या दोषारोपपत्राचा भाग असल्याचे सांगितली गेलेली मारहाणीची छायाचित्रे घरोघरच्या पडद्यावर आली. ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर खटल्याच्या पहिल्या तारखा पडल्या, तेव्हा बचाव पक्षाचे वकील कागदपत्रे आणि डिजिटल पुरावा मिळावा अशी मागणी न्यायालयाकडे करीत होते.

हा क्रम नीट पाहिला पाहिजे. मंत्र्याने राजीनामा दिला हे योग्यच झाले. जनक्षोभाची वाट न पाहता तो दिला असता तर अधिक शोभले असते. देशमुख कुटुंबाला न्याय मिळालाच पाहिजे आणि खंडणीच्या राजकारणाची पाळेमुळे खणून निघालीच पाहिजेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. कायद्याच्या एखाद्या कलमाचा भंग झाला की नाही, हेही न्यायालयच ठरवील. प्रश्न निराळा आहे. ज्या पुराव्याच्या बळावर माणसाला जन्मठेप किंवा फाशी व्हायची, तो पुरावा आधी वाहिन्यांवर झळकतो आणि ज्याच्याविरुद्ध तो वापरायचा त्याच्या वकिलाला मात्र त्यासाठी मागणी करावी लागते, ही न्यायाची कोणती रीत? दोषारोपपत्र हा सर्वांसाठी खुला असलेला सार्वजनिक दस्तऐवज नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास यांच्या याचिकेवर सांगितले होते. म्हणजे ज्यांना तो पाहण्याचा हक्क नाही त्यांनी तो आधी पाहिला! ज्या चित्रांकडे मृताच्या मुलाबाळांना पाहवणार नाही ती दिवसभर फिरत राहिली, आणि न्यायासनासमोर त्यांची शहानिशा व्हायची ती अजून दूरच होती.

वस्तुतः पुरावा कोणता आहे याच्या इतकेच, तो कोणाच्या हाती केव्हा पडतो यावर फौजदारी न्यायाचे भवितव्य ठरते. या ‘केव्हा’ला कायदेपंडित तांत्रिक बाब समजतात. ती तांत्रिक नाही. ती वर्गीय बाब आहे. उशिरा मिळालेला कागद श्रीमंत आरोपीच्या पथ्यावर पडतो, गरीब आरोपीला तुरुंगात कुजवतो आणि फिर्यादीच्या घरच्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढायला लावतो.

सत्तर वर्षांचे आश्वासन

निजामाच्या राजवटीत धाराशिवच्या न्यायालयांची भाषा उर्दू होती. मराठी शेतकऱ्याला आपल्यावरचा आरोप दुसऱ्याच्या तोंडून समजून घ्यावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली आणि १९५१ साली १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता या मुलखालाही लागू झाली. १९५५ च्या दुरुस्तीने या संहितेत एक मोलाची तरतूद आली. पोलिसांचा अहवाल, प्रथम खबर आणि साक्षीदारांचे जबाब यांच्या नकला खटला सुरू होण्यापूर्वी आरोपीला विनामूल्य मिळाल्या पाहिजेत, अशी ती तरतूद होती. आरोपीच्या हाती शस्त्र न देता त्याला आखाड्यात उतरवू नये, हा तिच्यामागचा साधा विचार.

परंतु १९५७ सालीच नारायणराव विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीची धार बोथट केली. नकला देणे बंधनकारक आहे हे न्यायालयाने मान्य केले. पण त्या न दिल्यामुळे आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दिसल्याशिवाय खटला रद्द होणार नाही, असेही ठरवले. जो कागद पाहिलाच नाही त्याच्या अभावी आपले काय नुकसान झाले, हे आरोपीने दाखवायचे! कर्तव्य चुकवणाऱ्याला मोकळे सोडायचे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे हिशेब मागायचा, ही परंपरा तेव्हापासूनची आहे.

१९७३ च्या संहितेने नकला देण्याची जबाबदारी दंडाधिकाऱ्यावर टाकली आणि ‘विनाविलंब’ हा शब्द घातला. पन्नास वर्षे तो शब्द मोकळाच राहिला. विनाविलंब म्हणजे किती दिवस, हे कायद्याने सांगितले नाही. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला शिक्षेच्या निकालपत्राची नक्कल वेळेवर व विनामूल्य मिळणे हा जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ज्या कैद्याला अपील करायचे आहे त्याच्या हाती निकालच पडत नसेल तर अपिलाचा हक्क कागदावरच राहतो, हे त्यांनी ओळखले होते. निकालाच्या कागदाला लागू पडणारे हे तत्त्व पुराव्याच्या कागदाला का लागू पडू नये?

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २३० व्या कलमाने अखेर मुदत घातली. आरोपी न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांच्या आत नकला दिल्याच पाहिजेत. शासनकर्ते या चौदा दिवसांचा गाजावाजा करतात. पण याच कलमात पुढे काय आहे ते पाहावे. चौदाव्या दिवशी नकला मिळाल्या नाहीत तर कोणाला काय शिक्षा, आरोपीला कोणती सवलत, याविषयी कलम मौन पाळते. उलट आरोपीला मात्र मुदतीचा फास आहे. सत्र न्यायालयातील खटल्यात आरोपमुक्तीचा अर्ज साठ दिवसांत करायचा. आणि हे साठ दिवस नकला पूर्ण मिळाल्यापासून मोजले जात नाहीत, खटला सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून मोजले जातात. राज्याने मुदत चुकवली तर ती दिरंगाई ठरते. आरोपीने चुकवली तर त्याचा अर्ज मुदतबाह्य ठरू शकतो.

दोषारोपपत्राच्या वेळेचीही अशीच कथा आहे. साठ किंवा नव्वद दिवसांत तपास पुरा झाला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून शेवटच्या दिवसांत अर्धामुर्धा कागदांचा गठ्ठा न्यायालयात नेऊन टाकायचा आणि ‘पुढील तपास चालू’ असे लिहून ठेवायचे, ही वहिवाट पडली आहे. २६ एप्रिल २०२३ रोजी रितू छाब्रिया यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा अपुऱ्या दोषारोपपत्राने जामिनाचा हक्क बुडत नाही असा निर्णय दिला. आठवडाही उलटला नाही तोच केंद्र सरकारने धाव घेतली आणि त्या निकालाच्या आधारे आलेले अर्ज पुढे ढकलण्यास न्यायालयांना सांगण्यात आले.

पेन ड्राइव्ह आणि पारध्याचे पाल

२३० व्या कलमातील दुसरी मेख अधिक खोल आहे. कागदपत्रे फार मोठी असतील तर छापील नकलेऐवजी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावीत, किंवा आरोपीने अगर त्याच्या वकिलाने ती न्यायालयात येऊन पाहावीत, असे दंडाधिकारी ठरवू शकतात. आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेले कागद ‘रीतसर दिले’ असेच समजायचे! मुंबईच्या वकिलाच्या कार्यालयात ही सोय असेल. पण कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतील पारधी वस्तीवरचा एखादा मजूर डोळ्यांपुढे आणावा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी शिवारात चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर घ्यायचा, ही पोलिसी सवय रद्द झालेली नाही. त्या माणसाला पकडून जिल्हा कारागृहात ठेवले, त्याच्या नावाने एक पेन ड्राइव्ह दिला, रोजनाम्यावर त्याचा अंगठा घेतला की कायद्याचे समाधान झाले. तो पेन ड्राइव्ह लावायला त्याच्यापाशी संगणक नाही. असता तरी मराठी पंचनाम्याची भाषा त्याच्या घरातल्या बोलीहून वेगळी आहे. निजामाच्या काळी उर्दू कागद वाचता येत नव्हता. आज मराठी कागद दिसतच नाही!

मग छापून घ्यावा म्हटले तर काय पडते? दीड हजार पानांचे दोषारोपपत्र आणि पानाला दोन रुपये धरले तर तीन हजार रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. म्हणजे आपल्यावर काय आरोप आहे एवढे वाचण्यासाठी मजुराने सुमारे दहा दिवसांची मजुरी मोजायची. तीही तो तुरुंगात असताना, म्हणजे त्याच्या बायकोने. घटनेच्या ३९-अ अनुच्छेदाने १९७६ पासून मोफत कायदेशीर मदतीचे वचन दिले आहे. पण ज्या वकिलाची नेमणूक विधीसेवा प्राधिकरणातून होते, त्याच्याही हाती आरोप निश्चितीच्या दिवसापर्यंत पुरते कागद नसतील, तर तो मदत काय करणार? ‘हरकत नाही’ एवढेच तो म्हणू शकतो. आणि हरकत नाही म्हटले की आरोप निश्चित होतो.

जामिनावर सुटलेल्याचीही कथा वेगळी नाही. या जिल्ह्यातील आणि शेजारच्या बीडमधील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नकला नाहीत म्हणून तारीख पडते, पुन्हा पडते. कोयता टाकून कारखान्याच्या फडावरून कळंबला किंवा धाराशिवला यायचे तर उचलीतून खाडे कापले जातात. न यावे तर वॉरंट निघते. वॉरंट निघालेला मनुष्य पुन्हा आत जातो. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतील तीन, कच्चे कैदी होते. दोष सिद्ध न होताच ते शिक्षा भोगत होते. या आकड्यातला किती भाग केवळ कागदांच्या उशिराचा आहे हे सरकारने कधी मोजले आहे काय?

आता दुसरी बाजू. ज्याच्यापाशी पैसा आहे अशा आरोपीला हाच उशीर हवा असतो. अमुक जबाब मिळाला नाही, तमुक चित्रफीत उघडत नाही, असे अर्ज करीत तो एकेक तारीख काढतो. अर्ज नामंजूर झाला तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहेच. तोपर्यंत साक्षीदार थकतात, फुटतात. चौदाव्या दिवशी साऱ्या नकला पोचवून त्यांची पोच घेतली असती तर या वेळकाढूपणाला जागाच उरली नसती. खुनाच्या खटल्यात कुटुंबाला न्याय हवा असेल तर आरोपीला पहिल्या दिवशी सगळा पुरावा द्या, अशी मागणी सर्वांत आधी फिर्यादी पक्षानेच केली पाहिजे. दुर्दैव असे की फिर्यादीलाही या कलमात दुजाभाव आहे. अपराधपीडिताला नकला द्याव्यात असे नव्या संहितेत आले खरे, पण तो ‘वकिलामार्फत उपस्थित असेल तर’. ज्या दलित कुटुंबाच्या घरावर हल्ला झाला आणि ज्याला वकील देण्याची ऐपत नाही, त्याने आपल्याच दुःखाची कागदपत्रे मागायची नाहीत!

जे जोडले नाही त्याचे काय?

पोलीस दोषारोपपत्राला जोडतात तेवढाच पुरावा तपासात मिळालेला नसतो. समजा, एखाद्या चौकातील कॅमेऱ्यात आरोपी दिसायला हवा होता आणि तो दिसत नाही. ते चित्रण पोलिसांनी जोडले नाही. एका साक्षीदाराने वेगळेच नाव सांगितले. तो जबाब फायलीतच राहिला. आरोपीला हे कळावे कसे? सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२१ रोजी देशभरच्या उच्च न्यायालयांना आदर्श नियम स्वीकारण्यास सांगितले. तपास अधिकाऱ्याने ज्यांचा आधार घेतला नाही अशा जबाबांची, कागदांची व वस्तूंचीही यादी आरोपीला द्यावी, असे त्या नियमांत आहे. २०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात आणि ७ मे २०२५ रोजी सरला गुप्ता प्रकरणात याच तत्त्वाचा पुनरुच्चार झाला.

हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण ते अर्धेच आहे. यादी सुरुवातीला मिळते. यादीतले कागद मागायचे ते साधारणपणे बचावाची पाळी आल्यावर. आरोप निश्चितीच्या वेळी आरोपीला आपल्या बाजूचे कागद पुढे आणता येत नाहीत, असे २००४ च्या देबेंद्रनाथ पाधी निकालापासून धरले जाते. म्हणजे ज्या कागदाने माणूस पहिल्याच टप्प्यावर सुटला असता, तो कागद त्याला साक्षीपुरावा संपल्यावर, कित्येक वर्षांनी मिळायचा. कॅमेऱ्यांचे चित्रण तर काही आठवड्यांतच आपोआप पुसले जाते. दूरध्वनींच्या नोंदी कंपन्या ठरावीक मुदतीपुरत्याच जपतात. उशीर झाला की पुरावा मिळतच नाही, कारण तो नाहीसा झालेला असतो. इंग्लंडात निरपराध माणसांना वर्षानुवर्षे तुरुंगात डांबल्याची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर, १९९६ च्या कायद्याने फिर्यादी पक्षाची बाजू कमकुवत करणारे कागदही आरोपीला दाखवण्याचे बंधन घातले. ज्यांच्याकडून संहिता घेतली त्यांनी ती सुधारली. भारताने नाव बदलले.

उशिराची किंमत पाहायची असेल तर एल्गार परिषदेच्या खटल्याकडे पाहावे. जून २०१८ पासून अटका सुरू झाल्या. जप्त केलेल्या संगणकांच्या प्रती मिळाव्यात म्हणून आरोपींना पुनःपुन्हा अर्ज करावे लागले. रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत हाती आल्यानंतरच, तीत बाहेरून दस्तऐवज घुसवले गेले असे सांगणारा एका अमेरिकन संस्थेचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे येऊ शकला. तो अहवाल खरा की खोटा हे न्यायालयाने ठरवायचे आहे. पण प्रत मिळाली नसती तर तो प्रश्नच उभा राहिला नसता. ५ जुलै २०२१ रोजी फादर स्टॅन स्वामी खटला सुरू होण्याची वाट पाहत मरण पावले. ८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तेव्हा साडेसहा वर्षांनंतरही आरोप निश्चित झालेले नव्हते.

या मागणीवर एक आक्षेप हटकून घेतला जातो. पुरावा लवकर दिला तर गुंड साक्षीदारांना धमकावतील, असे म्हणतात. मराठवाड्यात हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. साक्षीदाराचे भय खरे आहे. परंतु त्याचे उत्तर कायद्यातच आहे. जबाबातील एखादा भाग उघड करणे हितावह नसेल तर तो वगळावा अशी विनंती पोलीस करू शकतात आणि दंडाधिकारी ती तपासतात. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच मान्यता दिली आहे. ती राबवणे सरकारच्या हाती आहे. साक्षीदाराला संरक्षण द्यायचे नाही आणि त्याच्या भयाचे निमित्त करून साऱ्याच आरोपींना अंधारात ठेवायचे, ही चलाखी झाली. शिवाय ज्या गुंडाचे हात ठाण्यापर्यंत पोचलेले असतात, त्याला साक्षीदाराचे नाव नकलेतून कळावे लागत नाही. अंधारात राहतो तो निराधार आरोपीच.

समाजवादी कार्यकर्त्यांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आणीबाणीत मिसाखाली पकडलेल्यांना अटकेची कारणेही सांगायची नाहीत, अशी दुरुस्ती जून १९७५ मध्ये झाली होती. हजारो माणसे आपण का आत आहोत हे न कळता आत राहिली. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी दिली पाहिजेत असे ठरवले. पन्नास वर्षांनी एवढा पल्ला गाठला. अटकेच्या कारणांना जे तत्त्व लागू झाले ते पुराव्याला लागू करणे, ही पुढची लढाई आहे.

त्या लढाईच्या मागण्या साध्या आहेत. चौदा दिवसांत नकला पूर्ण न मिळाल्यास त्यानंतरचा प्रत्येक दिवस जामिनाच्या विचारात आरोपीच्या बाजूने धरला जावा. आरोपमुक्तीची साठ दिवसांची मुदत नकला पूर्ण मिळाल्यापासूनच मोजली जावी. न जोडलेल्या पुराव्याची यादी दोषारोपपत्राबरोबर यावी आणि आरोपीने मागितलेला त्यातील कागद आरोप निश्चितीपूर्वी मिळावा. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला छापील नक्कल मिळावी आणि चित्रफिती पाहण्याची सोय कारागृहात व तालुका विधीसेवा समितीच्या कार्यालयात असावी. वकील असो वा नसो, पीडिताच्या घरी नक्कल पोचावी. आणि न्यायालयात तपासला जाण्यापूर्वी पुरावा फोडणाऱ्यावर, तो कोणीही असो, कारवाई व्हावी.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या दोन कार्यकर्त्यांनी आपल्या न्यायालयात जावे, विधीसेवा समितीकडून चाललेल्या खटल्यांतील आरोपींना आणि फिर्यादींना भेटावे, प्रत्येकाच्या वहीत तीन तारखा लिहून घ्याव्यात: दोषारोपपत्र कधी आले, नक्कल कधी मिळाली, आरोप कधी निश्चित झाला. वर्षभराचा हा हिशेब जिल्हा न्यायाधीशांपुढे, पालकमंत्र्यांपुढे आणि लोकांपुढे ठेवावा. पारध्याच्या पालावर पोलिसांची गाडी येते तेव्हा तिथे पक्षाचा माणूस नसतो; निदान त्यानंतर चौदाव्या दिवशी न्यायालयाच्या दारात तरी तो असला पाहिजे.